आधी धुवा, मग नाव विचारा

[पहाट. अंगणातला प्लास्टिकचा ड्रम, नळी, मागे पऱ्हाटीचं शेत]

यवतमाळ जिल्ह्यातलं गाव. ऑगस्टचा महिना, पऱ्हाटी म्हणजे कपाशी कमरेच्या वर गेलेली, फवारणी जोरात. ड्रम भरणाऱ्या या बाईंना सारं गाव सिस्टर म्हणतं. मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झाल्या, पण नाव तेच राहिलं. ड्रमाशेजारी साबणाच्या वड्या आहेत, रबरी हातमोजे आहेत आणि दोरीवर चार जुन्या लुंग्या. फवारणीचं विष अंगावर घेऊन शेतातून येणाऱ्या कुणासाठीही.

हे त्या कुठं शिकल्या, ते सांगायला थोडं लांब जावं लागेल.

[मोबाइलमधले फोटो : तंबू, काँक्रीटची भिंत, चहाचा पेला]

इराकमधलं बार्तेल्ला. मोसुलच्या पूर्वेला साधारण २० किलोमीटर. ख्रिस्ती वस्तीचं हे गाव २०१४ मध्ये इस्लामिक स्टेटच्या हाती गेलं आणि माणसं नेसत्या वस्त्रानिशी निघाली. ऑक्टोबर २०१६ मध्ये गाव त्यांच्या तावडीतून सुटलं. जानेवारी २०१७ मध्ये तिथं उंच भिंतींच्या आड, मोसुलच्या लढाईतल्या जखमींसाठी, तंबूंचं रुग्णालय उभं राहिलं. चालवणारे ख्रिस्ती स्वयंसेवक, आणि दारात येणारे बहुतेक जखमी मुसलमान. इस्लामिक स्टेटचे लढवय्येसुद्धा त्याच खाटांवर आले. सिस्टर तिथं चार आठवडे होत्या. रुग्णांचे फोटो काढायला मनाई होती, म्हणून आपल्याला दिसतात ते एवढेच.

दारातच माणसाची वर्गवारी होई. लाल म्हणजे आत्ता, पिवळा म्हणजे थांबू शकतो, हिरवा म्हणजे चालू शकतो. लढाईतली जखम लगेच शिवत नाहीत. मेलेलं मांस, माती, कपड्याचे धागे काढून ती उघडीच ठेवतात. चार-पाच दिवसांनी पाहायचं, स्वच्छ असली तर टाका घालायचा. मिशनच्या दवाखान्यात बैलानं शिंग मारलेल्यांच्या घाणेरड्या जखमा सिस्टरांनी वर्षानुवर्षं अशाच धुतल्या होत्या.

नवीन होतं ते धुण्याचं शिक्षण. विषारी रसायनांच्या हल्ल्याची भीती होती. मार्च २०१७ मध्ये असे रुग्ण इराकमधल्याच एर्बिल शहराच्या रुग्णालयात आलेही. म्हणून सराव असा : माणूस आत आणण्याआधी बाहेरच त्याचे सगळे कपडे काढायचे, बरंचसं विष त्यांच्याबरोबरच जातं. मग साबण आणि भरपूर पाणी. केस, काखा, नखं. धुणाऱ्यानं आधी स्वतःचे हात झाकायचे.

जुलैत मोसुल सुटलं. सिस्टर तोवर घरी आल्या होत्या. आणि त्याच पावसाळ्यात यवतमाळचं सरकारी रुग्णालय फवारणीच्या विषबाधेनं भरून गेलं. डोक्याएवढी पऱ्हाटी, दमट हवा, उघडं अंग, पाठीवरच्या पंपातून गळणारं औषध. जिल्ह्यात २० हून जास्त माणसं गेली.

[प्रार्थना मंदिर. सतरंजीवर बसलेल्या बाया, पोरी, पुढे सरावासाठी रोग्याचं सोंग घेतलेला एक पोरगा]

रविवारची उपासना संपली की इथं हा वर्ग भरतो. मंडळीतल्या बाया असतात, शेजारच्या वस्तीतल्या असतात, मशिदीजवळच्या दोघी नेमानं येतात. सिस्टर शुभवर्तमानातल्या शोमरोन्याची, परक्या जमातीच्या वाटसरूची, गोष्ट सांगतात. त्यानं रस्त्यात पडलेल्याच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या. "ते त्या टायमाचं ड्रेसिंगच व्हय," त्या म्हणतात. "त्यानं जात इचारली नाई."

मग पोराकडे वळतात.

"गडी शेतातून चक्कर येऊन आला, तं पहिले काय करान?"

"पाणी पाजू, सिस्टर."

"नाई. सदरा काढा. पॅन्ट काढा. लाजू नका. मांगून साबण लावा. ओकारी काढाले बोटं घालू नका. अन् औषधाची बाटली डॉक्टरले दाखवाले संग न्या."

पोरं हसतात. सिस्टर पुन्हा पहिल्यापासून करायला लावतात. हातमोजा घालायला विसरलेल्या मुलीला तिसऱ्यांदा.

त्या चार आठवड्यांनी सिस्टरांची झोप गेली ती नीट परत आली नाही. दिवाळीच्या रात्री त्या दार लावून घेतात.

[संध्याकाळ. बांधावरून येणारा माणूस, पाठीवर पंप, झोकांड्या]

हे आम्ही ठरवून चित्रित केलेलं नाही. कॅमेरा ड्रमाकडे लावलेला होता.

"पंप तिथंच ठेव जी. इकडं ये. सदरा काढ." सिस्टर हातमोजे चढवतात. नळी सुरू होते. डोकं, कान, मान. शेजारची मुलगी फोनवर गाडी बोलावते आणि बाटली शोधायला शेताकडे पळते.

लुंगी गुंडाळून झाल्यावर सिस्टर विचारतात, "कोण्या गावचा रे तू?"