‘एक चिकित्सक अभ्यास’ खोडताना

ऐरोलीच्या काठावर ओहोटी लागली आहे. उघड्या पडलेल्या चिखलात माना खाली घालून रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचे थवे शैवाल गाळून खात आहेत. 2015 मध्ये अभयारण्य आणि 2022 मध्ये रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून घोषित झालेल्या या ठाणे खाडीवर पक्षी, तिवरे, गाळातील जड धातू अशा अनेक अंगांनी संशोधन होत आले आहे, आणि म्हणूनच येथे नव्या शोधनिबंधाला वेगळे नाव देणे कठीण जाते.

समजा, एका संशोधिकेने तीन हिवाळे या काठावर उभे राहून लहान रोहितांची गणना केली आणि निबंधाच्या माथ्यावर लिहिले, ‘ठाणे खाडीतील पक्षीजीवन : एक चिकित्सक अभ्यास’. हे शेपूट आपल्याकडील प्रबंधांना इतके सर्रास जोडले जाते की त्यातून काहीच कळत नाही. अभ्यास चिकित्सक नसता, तर तो छापायचा तरी कशाला? दुसऱ्या टोकाच्या लालित्यपूर्ण शीर्षकात ‘गुलाबी पाहुणे’ आहेत, पण ते दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांतही उतरतात.

1950 च्या दशकाच्या अखेरीस आयबीएम या संगणक कंपनीतील हान्स पीटर लून यांनी शीर्षकातील एकेक महत्त्वाचा शब्द पुढे आणून संगणकाकडून सूची करून घेण्याची पद्धत विकसित केली. त्या सूचीत ‘अभ्यास’ या शब्दाखाली निबंधांची रांग लागते आणि नेमक्या शब्दाखाली मोजकेच उरतात. शोधयंत्रे आज बरीच पुढे गेली असली, तरी नेमक्या शब्दाची गरज संपलेली नाही. नुसते ‘रोहित’ शोधले, तर पक्ष्याआधी क्रिकेटपटू हजर होतो. म्हणून फिनिकोनायस मायनर हे शास्त्रीय नाव शीर्षकातच हवे.

‘ठाणे खाडी’ हा शब्दही तपासावा लागतो. गणना पूर्वेच्या एकाच काठावर झाली असेल, तर समोरच्या भांडुपकडील चिखलाबद्दल शीर्षकाने बोलू नये. असे शीर्षक अरुंद होते खरे, पण समीक्षकाचा पहिला आक्षेप तिथेच टळतो.

संशोधिका जुनी ओळ खोडते आणि लिहिते, ‘ओहोटीच्या वेळांनुसार लहान रोहितांच्या (फिनिकोनायस मायनर) चरण्याच्या जागा : ठाणे खाडीच्या ऐरोली काठावरील तीन हिवाळ्यांची गणना’. मग ती हीच ओळ अवतरणचिन्हांत घालून शोधते. एकही निकाल येत नाही.