चिकूचे बारा ग्रॅम

[दृश्य: सकाळ. ओट्यावर छोटा वजनकाटा, त्यावर राखाडी कॉकटील, म्हणजे तुरेवाला छोटा पोपट, चिकू.]

निवेदन:
चिकू आजारी आहे हे आम्हाला चार दिवस कळलंच नाही. वाटीशी बसून तो राळ्याचे दाणे फोडायचा, आम्हाला वाटायचं, खातोय. पाचव्या दिवशी आईनं वाटीवर फुंकर मारली. टरफलं उडाली आणि खाली फोडलेले दाणे तसेच!

रानात अशक्त पक्षी शिकाऱ्याच्या नजरेत आधी भरतो, म्हणून पोपटाच्या कुळातले पक्षी दुखणं लपवतात. पिसं फुलवून बसणं, श्वासागणिक शेपटी हलणं दिसू लागतं तोवर बराच उशीर झालेला असतो.

चिकूचं वजन भरलं 78 ग्रॅम. महिन्यापूर्वी 90 होतं. बारा ग्रॅम म्हणजे साठ किलोच्या माणसाचे आठ किलो उतरावेत तसं.

[दृश्य: पिंजऱ्याच्या तळाचा कागद, अगदी जवळून.]

निवेदन:
पक्ष्याच्या विष्ठेत घट्ट हिरवट भाग असतो, खडूसारखा पांढरा असतो आणि थोडं पाणी. चिकूच्या पांढऱ्या भागाला पोपटी झाक आली होती. तो कागद आम्ही डब्यात घालून नेला. डॉक्टरांनी चिकूच्या आधी कागदच पाहिला.

मग त्याला टॉवेलात धरलं, छातीवर जराही दाब न देता. पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल नसतं; छाती दाबली की श्वासच अडतो.

एक गोष्ट सांगायला जीभ रेटत नव्हती. दुकानातून आणलेली औषधाची पुडी आम्ही दोन दिवस पाण्यात घातली होती. सांगितलं, ते बरं केलं. आजारी पक्षी पाणी कमी पितो, त्यामुळे पोटात औषध किती गेलं ते कळत नाही, आणि अर्धवट औषधानं तपासणीत जंतू सापडणं अवघड होतं.

निदान झालं सिटॅकोसिसचं, म्हणजे पक्ष्यांना होणाऱ्या एका जंतुसंसर्गाचं. हा आजार माणसालाही होतो. डॉक्टरांनी बजावलं, "घरात कुणाला ताप-खोकला आला, तर पक्षी पाळलाय हे आधी सांगा." चिकूला डॉक्सिसायक्लिन, 45 दिवस. पिंजऱ्यात कुरतडायला ठेवलेला समुद्रफेस (माकूल या समुद्री जिवाचं हाड) काढला, कारण त्यातल्या कॅल्शियममुळे हे औषध अंगी लागत नाही. कागद बदलायचा तो मास्क लावून, आधी ओला करून.

[दृश्य: वहीचं पान.]

निवेदन:
रोज सकाळी खाण्याआधी वजन. 78. 78. 77. त्या दिवशी घरात कुणी फारसं बोललं नाही. सहाव्या दिवशी 79. आणि औषध देताना चिकू आईच्या बोटाला कडकडून चावला.