तांबड्या मातीची पकड

नमस्कार श्रोतेहो.

कोकणातला जांभा दगड घासला की बोटांना तांबूस भुकटी लागते. तो रंग लोखंडाच्या ऑक्साइडांचा, म्हणजे हेमॅटाइट आणि गोथाइट या खनिजांचा. पाण्यात विरघळलेलं युरेनियम धरून ठेवण्याची ताकद याच खनिजांत आहे.

ती धरतात कशी? ओल्या गोथाइटच्या कणावर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या दाटीनं उभ्या असतात. पाणी आम्लधर्मी असेल तर त्यांना आणखी हायड्रोजन चिकटतात आणि पृष्ठभाग धनभारित होतो. युरेनियमही धनभारितच, म्हणून ते लांब राहतं. सामू, म्हणजे पाण्याची आम्लता दाखवणारा pH आकडा, पाचच्या पुढे गेला की हायड्रोजन सुटू लागतात, आणि कणावरचे दोन ऑक्सिजन युरेनियमला कमरेपाशी धरतात. हो, कमरेपाशीच! त्याच्या डोक्याशी आणि पायाशी स्वतःचे दोन ऑक्सिजन आधीच घट्ट बसलेले असतात. जागा उरते ती मध्येच.

मात्र ही पकड सुटूही शकते. पाण्यात बायकार्बोनेट, म्हणजे विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडपासून बनणारा घटक, भरपूर असलं की त्यातून येणारं कार्बोनेट युरेनियमभोवती कडं करतं, कॅल्शियम त्यात सामील होतं, आणि युरेनियम कण सोडून पाण्याबरोबर निघतं.

अमेरिकेत कोलंबिया नदीकाठी हॅनफर्ड हे अण्वस्त्रांसाठी प्लुटोनियम बनवणारं केंद्र १९४३ साली उभं राहिलं. तिथं इंधन घडवताना निघालेलं युरेनियमयुक्त सांडपाणी काठाजवळच्या तळ्यांत आणि चरांत सोडलं जाई. १९९०च्या दशकात अंदाज बांधला गेला, की दहाएक वर्षांत भूजल आपोआप निवळेल. तसं झालं नाही. नदी चढली की तिचं कमी बायकार्बोनेटचं पाणी जमिनीत शिरतं आणि युरेनियम कणांना चिकटतं. नदी ओसरली की जास्त बायकार्बोनेटचं भूजल परत येतं, युरेनियम पुन्हा सुटतं. शिवाय वाढलेलं पाणी वरच्या कोरड्या थरातलं नवं युरेनियमही ओढून आणतं. दरवर्षी हेच. मला या अंदाजाची चूक फार महत्त्वाची वाटते, कारण तो बांधणाऱ्यांनी मातीची पकड बदलत नाही असं धरलं होतं.

पुढे तिथं जमिनीत फॉस्फेटची द्रावणं सोडली, युरेनियम सहज न विरघळणाऱ्या रूपात अडकावं म्हणून.

जागतिक आरोग्य संघटनेनं पिण्याच्या पाण्यासाठी लिटरमागे ३० मायक्रोग्रॅम युरेनियम ही मार्गदर्शक मर्यादा दिली आहे. आपल्याकडे विहिरी, बोअरची पाणी-तपासणी करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: युरेनियमच्या आकड्याशेजारी त्याच बाटलीतल्या पाण्याचा सामू, बायकार्बोनेट आणि कॅल्शियमही लिहा, आणि पावसाळ्यानंतर पुन्हा मोजा.