लातूरच्या लॅबमध्ये यीस्टचं क्यू डोमेन
लातूरच्या कुठल्याही चौकात कॅमेरा फिरवा, नीटच्या क्लासची होर्डिंगं दिसणारच. त्याच रस्त्याच्या मागे ही एका कॉलेजची मायक्रोबायोलॉजी लॅब, आणि प्लेटवर हे दुधी ठिपके दिसतायत ना, ते यीस्ट, पाव फुगवतात तेच. ३० डिग्रीला दोन दिवस ठेवलं की एवढं वाढतं.

आता स्क्रीनवर बघा. निळा गोळा म्हणजे युबिक्विटिन, फक्त ७६ अमिनो ॲसिडचं प्रोटीन, आणि यीस्टच्या न् माणसाच्या युबिक्विटिनमध्ये फरक किती तर तीन अमिनो ॲसिडचा! धनगर मेंढराच्या पाठीवर रंगाची खूण करतात तशी पेशी हे दुसऱ्या प्रोटीनवर चिकटवते. मग ती खूण ओळखणारं कुणीतरी पाहिजे, आणि तो म्हणजे वेगळ्या प्रोटीनमधला हा केशरी तुकडा, क्यू डोमेन.

जेमतेम चाळीसेक अमिनो ॲसिड, तीन हेलिक्स, म्हणजे स्प्रिंगसारख्या गुंडाळ्या, एकमेकींना टेकून बसलेल्या. झूम केलंय तिथे बघा, पहिल्या हेलिक्सच्या शेवटी मेथिओनिन, फेनिलॲलनिन, प्रोलिन, आणि तिसरीच्या टोकाला दोन ल्युसिन शेजारी शेजारी, यातलं बहुतेक पाणी टाळणारं, आणि युबिक्विटिनच्या अंगावर पण तसाच पट्टा, ल्युसिन ८, आयसोल्युसिन ४४, व्हॅलिन ७०, दोन्ही बाजू पाण्यापासून लपायला एकमेकींवर येऊन बसतात. त्या ४४ नंबरला ॲलनिन टाका, पकड गेलीच.

यीस्टच्या क्यू२ या प्रोटीनमधली पकड तशी ढिलीच. व्हीपीएस९ या यीस्टच्याच दुसऱ्या प्रोटीनमधली घट्ट, कारण तिथे दोन क्यू डोमेन एकमेकांत गुंतून एका युबिक्विटिनला धरतात. दोन्ही रचना २००३ च्या, क्यू२ ची एनएमआरने, म्हणजे चुंबकाच्या तंत्राने काढलेली, दुसरी क्रिस्टलवर एक्स-रे टाकून. या लॅबमध्ये यातलं एकही मशीन नाही, पण प्रोटीन डेटा बँक, म्हणजे प्रोटीनच्या रचनांचा ऑनलाइन साठा, सगळ्यांना फुकट आहे, लॅबमधल्या या पोरींनी १ओटीआर हा क्यू२ च्या रचनेचा कोड टाइप केला आणि एकेक ॲटम समोर फिरायला लागला. एवढं हाताशी असताना आपल्याकडची हुशार पोरं फक्त मेडिकलच्याच रांगेत का, हे मला मनापासून विचारायचंय.

आणि क्यू२ पेशीत नेमकं करतं काय, हे कळायला २०१९ उजाडलं! एमआरएनए म्हणजे प्रोटीन बनवायच्या सूचनेची पट्टी, तिच्यावर प्रोटीन बनवणारा रायबोसोम अडकतो, मागचा येऊन त्याच्यावर आदळतो, हेल२ नावाचं एन्झाइम तिथे युबिक्विटिन लावतं आणि मग क्यू२ येऊन तो एमआरएनए कापतं. रचना हातात आल्यावर १६ वर्षांनी काम कळलं, तोवर कुणी 'उपयोग काय' म्हणून फाइल बंद केली असती तर?

उपयोगाचंच म्हणाल तर, युबिक्विटिनच्याच वाटेवरच्या प्रोटिआसोमला, म्हणजे खूण लागलेली प्रोटीनं तोडणाऱ्या यंत्राला, अडवणारं बोर्टेझोमिब हे मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरचं औषध, तेही २००३ मध्येच अमेरिकेत मंजूर झालं.

क्यू२ मध्ये असे डोमेन दोन आहेत. पोरी आता दुसऱ्याचा सिक्वेन्स, म्हणजे अमिनो ॲसिडची अक्षरांत लिहिलेली रांग, पहिल्याच्या खाली मांडून बघतायत, कुठलं अक्षर जुळतं, कुठलं नाही.