सरळ रेघ आणि नागपूरचा कूलर

चित्रकार सय्यद हैदर रझा 1939 ते 1943 आपल्या नागपूरच्या आर्ट स्कूलमध्ये शिकले, हे इथं बऱ्याच जणांना माहीत असतं आणि सांगताना आपली कॉलरही जरा वर होते. पण त्यांचा ओरिजिनल बिंदू, म्हणजे ते मोठ्या काळ्या गोलाचं चित्र, घ्यायची ऐपत या हॉलमध्ये कोणाची असेल असं मला वाटत नाही, असेल तर आजचा चहा त्यांच्याकडून. बाकीच्यांसाठी उरते प्रिंट. तर मी आज प्रिंटबद्दलच बोलतो, आणि तेही चौकोन, त्रिकोण, वर्तुळं, पट्टे अशा चित्रांच्या प्रिंटबद्दल, कारण लोकांना वाटतं की छापायला हेच सगळ्यात सोपं, लाल चौकोनात काय एवढं ठेवलंय.

उलटं आहे बाप्पा. झाडापानाच्या चित्रात छपाईची गडबड खपून जाते, सपाट लाल पट्ट्यात ती लपणार कुठं? प्रिंटरचं हेड जरा चोंदलं की त्या लालमध्ये बारीक आडव्या रेघा दिसायला लागतात, त्याला बँडिंग म्हणतात, आणि एकदा दिसलं की रोज तेच दिसतं. म्हणून घेताना प्रिंट तिरपी धरून उजेडात बघायची आणि मग भिंग लावायचं, इतवारीत सराफांकडे असतं ना तसलं दहा पटीचं. ठरावीक जाळीत मांडलेले रंगाचे ठिपके दिसले तर ते ऑफसेट, म्हणजे पोस्टर. बारीक फवाऱ्यासारखे विखुरलेले कण दिसले तर इंकजेट, हल्ली फाइन आर्ट प्रिंट किंवा जिक्ले म्हणून विकतात ती बहुतेक हीच, शाई पिगमेंटची, म्हणजे रंगाच्या बारीक कणांची, आणि कागद ॲसिड-फ्री, म्हणजे आम्ल नसलेला, कॉटनचा असेल तर चांगली टिकते. आणि ठिपका न दिसता रंगाचा सलग थर दिसला, कडेला बोटाला किंचित उंचवटा जाणवला, तर ती सेरिग्राफ असायची शक्यता जास्त, म्हणजे सिल्कस्क्रीन किंवा स्क्रीनप्रिंट, कापडाच्या जाळीतून शाई दाबून छापलेली, प्रत्येक रंगाची वेगळी जाळी. (बोट दुकानदाराला विचारून लावा.)

आता मोंद्रियान घ्या, काळ्या सरळ रेघा आणि रंगीत चौकोनवाला डच चित्रकार. त्याचं 1930 चं लाल, निळा, पिवळावालं चित्र झ्युरिकच्या म्युझियममध्ये आहे, ते जेमतेम दीड फूट बाय दीड फूट आहे, आणि बाजारात ते तीन-तीन फुटाचं करून सोफ्यावर टांगायला विकतात. वर छापताना त्याचा पांढरा रंग म्हणजे नुसता कोरा कागद सोडतात! अहो, त्याच्या पांढऱ्यात ब्रशचे फटकारे आहेत, एका पांढऱ्याचा थर दुसऱ्यापेक्षा वेगळा आहे, त्याच्या कितीतरी चित्रांत काळी रेघ कडेपर्यंत न जाता अलीकडेच थांबते. कॅनव्हास प्रिंटवाले कडा फ्रेमवरून मागे दुमडतात तेव्हा हे थांबणंच मागे जातं. जोसेफ आल्बर्स या चित्रकाराचं तर आणखी वाईट. त्याच्या चौकोनात चौकोन असलेल्या चित्रांत, 1950 पासून 1976 ला जाईपर्यंत तो तीच करत होता, खालची जागा एक धरली तर बाजूची दोन आणि वरची तीन, असं ते गणित, म्हणून तो आतला चौकोन खाली बसल्यासारखा वाटतो. रेडीमेड फ्रेममध्ये बसावं म्हणून चारी बाजूंनी थोडं थोडं कापलं की संपलं, मग ती बाथरूमची टाइल्स.

म्हणून माझं मत सरळ आहे, पेंटिंगची नक्कल घेण्यापेक्षा चित्रकाराने प्रिंट म्हणूनच केलेलं काम घ्या. आल्बर्सने स्वतः सिल्कस्क्रीन केले, ब्रिटिश चित्रकार ब्रिजेट रायली साठच्या दशकापासून स्क्रीनप्रिंट करतेय, आणि आपल्या झरीना हाश्मी, अलिगढला जन्मलेल्या, 2020 ला गेल्या, त्यांची 1999 ची घर या विषयावरची 36 वुडकटची, म्हणजे लाकडावर कोरून छापलेल्या चित्रांची, मालिका बघा, त्यामागे कुठलंही पेंटिंग नाही, कागदावरची ती काळी रेघ हेच ओरिजिनल. रझांच्याही सेरिग्राफ आहेत, खाली पेन्सिलीने सही आणि 12/100 असा नंबर, म्हणजे शंभरातली बारावी. पण सही बघून लगेच पाकीट काढू नका, 2009 ला दिल्लीत रझांच्या प्रदर्शनात स्वतः रझा गेले आणि बरीच चित्रं नकली निघाली, त्यांच्या डोळ्यादेखत. कुठून आलं, कोणी छापलं, सर्टिफिकेट कोणाचं, हे विचारायला लाजायचं कशाला. कायद्याचंही एक, आपल्याकडे चित्रकार गेल्यावर 60 वर्षं कॉपीराइट राहतो, मोंद्रियान 1944 ला गेला त्याचा संपला, रझा 2016 ला गेले त्यांचा 2076 संपेपर्यंत आहे, तेव्हा ऑनलाइन पाचशे रुपयात बिंदू मिळतो तो कोणाच्या परवानगीने छापला ते आधी विचारा.

आणि हे सगळं करून चांगली प्रिंट घरी आणली की आपण ती नेमकी कूलरच्या समोर लावतो. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस, आत कूलरची ओली हवा, कागद ओल पितो, फुगतो, लाटा येतात, आणि सरळ रेघांच्या चित्रात लाट आली की रेघच वाकडी दिसते, डोंगराच्या चित्रात कोणाला कळलंही नसतं. काचेला कागद टेकलेला असेल तर चिकटतो, पावसाळ्यात बुरशी. म्हणून माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, पाहिजेच, कागद आणि काच यात फट राहायला, आणि तोही ॲसिड-फ्री. फ्रेमवाला म्हणेल साहेब सनबोर्डवर चिकटवून देतो, एकदम टाइट राहील (सनबोर्ड म्हणजे फोमसारखा हलका बोर्ड), राहतेही, पण मग ती प्रिंट परत निघत नाही आणि विकायची वेळ आली की किंमत गेली. वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन पट्ट्या, गव्हाच्या खळीने, बाकी मोकळी लटकू द्या. मागे हार्डबोर्ड नको, कागद पिवळा पडतो. पश्चिमेची तापणारी भिंत नको.

पैसे वाढतात का, हे आता कोणीतरी विचारणारच. कितीही छापता येते त्या प्रिंटचे नाही वाढत, सोडून द्या. सही-नंबरवालीचे वाढू शकतात, नाहीही वाढणार, पण विकताना समोरचा पहिलं बिल आणि सर्टिफिकेट मागतो, तेव्हा ते फ्रेमच्या मागे फेविकॉलने चिकटवू नका, घराच्या कागदांच्या फाइलमध्ये ठेवा.