वरातीचा घोडा रस्त्यावर कसा येतो?

नमस्कार मंडळी. पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला एखादा घोडा एकटाच चरताना दिसला, तर तो मालकाने चरायला सोडलाय की कायमचा टाकून दिलाय, हे कसं ओळखायचं? बहुतेक जण बरगड्या बघतात. मी सांगेन, आधी खूर बघा.

(स्क्रीनवर: खुराचं जवळून चित्रण)

हा पुढचा उजवा पाय. घोड्याचा खूर आपल्या नखासारखा सतत वाढतो, महिन्याला साधारण 8 ते 10 मिलिमीटर. म्हणून दर सहा ते आठ आठवड्यांनी तो तासावा लागतो. इथे पुढची कड बघा, चपलेच्या टोकासारखी पुढे आली आहे आणि बाजूने तडकली आहे. नाल कधीच निघून गेलाय, पण एक खिळा अजून अडकलेला आहे. आता तळ बघा. मधला त्रिकोणी मऊ भाग काळा पडलाय, त्यातून पातळ स्राव येतोय आणि त्याला कुजका वास आहे. सतत चिखलात उभं राहिलं की हे होतं. चार दिवसांसाठी चरायला सोडलेल्या घोड्याचे खूर असे नसतात. या पायाला किमान तीन-चार महिने कुणी हात लावलेला नाही.

हा घोडा आता ज्यांच्या आवारात आहे, त्यांनी शूटिंग करू दिलं, पण जागा सांगू नका म्हणाले. पत्ता कळला की लोक रात्री येऊन फाटकाला जनावरं बांधून जातात. म्हणून मी तालुकाही सांगत नाही.

तर मुद्दा असा. घोडा टाकणाऱ्या माणसाला आपण निर्दयी म्हणतो आणि विषय संपवतो. मलाही राग येतो, या पायाकडे बघून तर फारच येतो. पण राग बाजूला ठेवून हिशेब मांडला की दिसतं, घोडा ज्या दिवशी रस्त्यावर येतो त्याच्या दोन-तीन महिने आधीच सगळं ठरून गेलेलं असतं. वाचवायचं असेल तर मदत तेव्हा पोचायला हवी.

हिशेब बघा. वरातीचा मध्यम बांध्याचा घोडा धरा 350 किलोचा. त्याला वजनाच्या साधारण दोन टक्के सुका चारा रोज लागतो, म्हणजे 7 किलो. चार महिन्यांचे झाले 840 किलो. काम करणारा असेल तर वर चंदी, म्हणजे दाणा, लागते. पाणी दिवसाला 20 ते 40 लिटर. शिवाय खुरांचं काम, जंतांचं औषध, आणि खरारा करायला, लीद काढायला मोतद्दार. यातलं काहीही कमाई थांबली म्हणून थांबत नाही.

आपल्याकडे गोव्यात डिचोली, सांखळी, उसगावच्या लोकांना धंदा एका दिवसात बंद होणं म्हणजे काय ते सांगायला नको. 2012 मध्ये लोहखनिजाच्या खाणी थांबल्या. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर 16 मार्च 2018 पासून पुन्हा थांबल्या. दारासमोर खनिज वाहणारे ट्रक उभे राहिले, बँकेचे हप्ते थकले. पण ट्रकवर ताडपत्री टाकून वर्षभर थांबता येतं. ट्रक संध्याकाळी भुकेने खिंकाळत नाही.

आणि घोडेवाल्यावर ही वेळ येण्यासाठी देशात मंदीच यावी लागते असं नाही. गोव्यात ती दरवर्षी येते. कॅलेंडर समोर धरा. मे संपला की पर्यटक कमी होतात, जूनमध्ये समुद्र खवळतो, किनाऱ्यावर घोड्यावर बसायला कोण येणार? आषाढी एकादशीपासून चातुर्मास सुरू होतो, तुळशीच्या लग्नापर्यंत लग्नाचे मुहूर्त नाहीत, म्हणजे वरात नाही. दोन्ही कमाया एकाच वेळी बंद. नेमके त्याच महिन्यांत खूर कुजतात, आणि घोडमाश्या वाढतात. या माश्यांमुळे सर्रा नावाचा रोग पसरतो. त्यात घोड्याला थांबून थांबून ताप येतो, अंगातलं रक्त कमी होत जातं. म्हणजे उत्पन्न शून्य आणि डॉक्टरचा खर्च सर्वात जास्त, अशी गाठ पडते.

पण याच काळात चहूकडे हिरवंगार गवत असतं. इथेच खरी घसरण सुरू होते. मालक म्हणतो, दावं सोडतो, चरेल बिचारा, दिवाळीनंतर घेऊन येऊ. पहिले काही दिवस तो बघायला जातो. मग गणपतीची चवथ येते, मग दुसरं काही काम मिळतं. पावसाळी गवतात पाणीच फार, पोट फुगतं पण अंगाला लागत नाही. कार्तिक सरेपर्यंत घोडा इतका खंगलेला असतो की वरातीत उभा करण्याजोगा राहत नाही, आणि मग त्याला परत आणण्यात मालकाला काही अर्थ वाटत नाही. टाकून द्यायचं असं त्याने कुठल्याही एका दिवशी ठरवलेलं नसतं. पण घोडा टाकला गेलेला असतो.

यात म्हातारे घोडे आधी जातात. घोडा 25 ते 30 वर्षं जगतो. त्यातली कमाईची वर्षं निम्मी धरली, तरी उरलेलं आयुष्य कोण पोसणार याचा विचार घोडा घेताना फार थोडे लोक करतात.

हे फक्त गरिबाघरचं दुखणं आहे असं समजू नका. आयर्लंडमध्ये 2008 पूर्वी पैसा वाहत होता, ज्याच्याकडे थोडी जमीन तो घोडा पाळत होता. 2007 मध्ये तिथे 12 हजारांहून जास्त थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीची, शिंगरं जन्मली. बाजार कोसळला आणि चार वर्षांत हा आकडा 8 हजारांच्या खाली आला. पण जी आधीच जन्मली होती त्यांचं काय? त्यांतली कितीतरी डब्लिनच्या आसपासच्या मोकळ्या जमिनींवर, कालव्यांच्या कडेला भटकताना सापडली.

अमेरिकेतली गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे, आणि आपण तिच्याकडे नीट बघायला हवं. 2007 मध्ये तिथले घोड्यांचे शेवटचे कत्तलखाने बंद झाले आणि पाठोपाठ मंदी आली. सरकारी कामकाजाची तपासणी करणाऱ्या तिथल्या संस्थेने 2011 मध्ये अहवाल दिला. एकट्या कोलोरॅडो राज्यात घोड्यांची हेळसांड आणि छळ यांच्या चौकशा 2005 मध्ये 975 होत्या, त्या 2009 मध्ये 1,588 झाल्या. आणि 2010 मध्ये सुमारे 1 लाख 38 हजार घोडे कत्तलीसाठी कॅनडा आणि मेक्सिकोला गेले, म्हणजे आधी देशात आणि देशाबाहेर मिळून जेवढे मारले जायचे जवळजवळ तेवढेच, फक्त ट्रकमधून लांबचा प्रवास करून. मी कत्तलखान्यांची बाजू घेत नाहीये. मला ते कधीच पटणार नाही. पण नको असलेल्या घोड्यासाठी दुसरी वाट तयार न करता एक वाट बंद केली, तर हाल थांबत नाहीत, ते आपल्या नजरेआड होतात. 2015 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतल्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवल्या, तेव्हाही गाडीवानांचं आणि घोड्यांचं पुढे काय, हाच सर्वात अवघड प्रश्न होता.

आपल्याच देशात 2012 च्या पशुगणनेत सव्वासहा लाखांच्या आसपास घोडे होते. 2019 मध्ये ते साधारण 3 लाख 40 हजार उरले. घोड्याचं काम संपत चाललंय आणि तेही वेगाने.

गोव्यात हे बोलताना मला विशेष वाटतं, कारण सोळाव्या शतकात या बंदराचं वैभव बऱ्याच अंशी घोड्यांवर उभं होतं. होर्मुझ आणि अरबस्तानातून घोडे जहाजाने इथे उतरायचे आणि घाट चढून विजयनगरला जायचे. 1510 मध्ये गोवा घेतल्यावर पोर्तुगीजांनी हा व्यापार आपल्या मुठीत ठेवायला बघितलं. घोड्यांवरच्या जकातीने तिजोरी भरत होती. 1565 मध्ये तालिकोटची लढाई झाली, विजयनगर कोसळलं आणि गिऱ्हाईकच गेलं. आजही शिगम्यात सत्तरी-डिचोलीत घोडेमोडणी निघते, तेव्हा कमरेला बांधलेला लाकडी घोडा फुलांनी मढवतात आणि अख्खा गाव बघायला लोटतो. इतका घोडा आपल्या अंगात आहे.

आता कायदा. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा 1960 चा कायदा आहे. त्याच्या कलम 11 नुसार उपाशी-तहानेलं राहील अशा स्थितीत जनावर टाकून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? 10 ते 50 रुपये. कित्येक दशकं हा आकडा तसाच राहिलाय. आणि तो वसूल करायला आधी मालक सापडायला हवा. गाई-म्हशींच्या कानात 12 आकडी टॅग असतो. वरातीच्या घोड्याजवळ बहुधा काहीच नसतं. युरोपात जुलै 2009 पासून जन्मलेल्या प्रत्येक शिंगराला मायक्रोचिप सक्तीची झाली, म्हणजे घोड्याची ओळख पटवता येते.

नोंदीचा फायदा नुसता शिक्षेसाठी नाही. माथेरान बघा. तिथे मोटारींना बंदी, त्यामुळे 400 च्या वर परवानाधारक घोडे. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये पर्यटक बंद झाले, घोडेवाल्यांचे हाल झाले. पण घोडे किती, कुणाचे, कुठे बांधलेले, हे माहीत होतं. त्यामुळे चाऱ्याची मदत डोंगरावर कुणाच्या दारात न्यायची ते कळत होतं. गोव्यात उद्या कुणी वैरणीचा ट्रक द्यायला तयार झाला, तर तो कुणाच्या दारात उभा करायचा? पंचायतीने आणि पशुसंवर्धन खात्याने मेअखेर आपापल्या हद्दीतल्या घोड्यांची साधी यादी केली, तरी जून ते ऑक्टोबरचा चारा आधी ठरवता येईल. माझी पहिली मागणी हीच आहे.

तोवर, तुम्हाला असा घोडा दिसला तर काय करायचं? हे लक्ष देऊन ऐका, कारण इथे चांगल्या मनाने केलेली गोष्ट जीव घेऊ शकते. खंगलेल्या घोड्याला भिजवलेले चणे, पाव, गूळ, भात देऊ नका. बरेच दिवस उपाशी असलेल्या शरीरात एकदम पिष्ट आणि साखर गेली की रक्तातले क्षार झपाट्याने घसरतात, आणि सुधारतोय असं वाटत असतानाच तीन ते पाच दिवसांत घोडा दगावू शकतो. शिवाय घोड्याला उलटी करता येत नाही, पोटात गेलेलं बाहेर येत नाही. बादलीत स्वच्छ पाणी ठेवा, थोडं थोडं पाजा. सुकं गवत मूठ-मूठभर, पण दर काही तासांनी द्या. लसूणघास मिळाला तर फारच चांगलं. किती आणि कधी वाढवायचं ते पशुवैद्य सांगतील. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा, किंवा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक 1962 लावा. रात्री हमरस्त्यावर असेल तर आधी गाडीचे इंडिकेटर लावून मागच्या वाहनांना सावध करा. घोड्यामागे धावू नका, तो गाडीसमोरच पळेल. गाडीची धडक त्याच्या पायांना बसते आणि अख्खं धड काचेवर येतं, यात माणसंही जातात.

आणि घोडेवाल्यांनो, हा व्हिडिओ तुमच्यापर्यंत पोचला असेल तर तुमच्याशी थेट बोलतो. जुलैमध्ये चारा संपत आला असेल तर जुलैमध्येच सांगा. अंगावर मांस असलेल्या घोड्याला घर मिळू शकतं, नोव्हेंबरमधल्या सापळ्याला मिळत नाही. विकायचा असेल तर तो कुणाच्या हातात जातोय हे बघून विका. आणि म्हातारा, कायमचा लंगडा झालेला, वेदनेत असलेला घोडा असेल, तर डॉक्टरांशी त्याच्या शेवटाबद्दल उघड बोला. तेही त्याची काळजी घेणंच आहे.

शेवटी एक माहिती हवी आहे. ज्यांच्या आवारात हा घोडा आहे ती मंडळी त्याच्या खुरांसाठी नालबंद शोधताहेत, आणि गोव्यात तो मिळणं कठीण झालंय. तुमच्या ओळखीत पेडणे, डिचोली, सत्तरी किंवा सीमेपलीकडे दोडामार्ग, बेळगाव भागात खूर तासणारा जाणकार माणूस असेल, तर त्याला विचारून खाली फक्त गाव आणि तालुका लिहा. नंबर उघड टाकू नका, पुढचा संपर्क मी करतो.