एआरटी थांबवून ठेवतात तेव्हा

रुग्ण कुशीवर, गुडघे पोटाशी घेतलेले. कमरेत सुई जाते आणि उभ्या नळीत मेंदू-मणक्याभोवतीचं पाणी चढू लागतं. 20 सेंटिमीटर. 25. आता 30च्याही वर. 'डोकं फुटतंय' असं तो का म्हणत होता, ते नळीतच दिसतंय. डॉक्टर थोडं पाणी काढून घेतात. दाब उतरतो, ठणका कमी होतो. 'पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा पडतो' ही भीती पुण्यातल्या कितीतरी घरांत अजून आहे. क्रिप्टोकॉकल मेंदुज्वर, म्हणजे बुरशीमुळे मेंदूच्या आवरणाला येणारी सूज, या आजारात मात्र पाणी काढल्यानेच जीव वाचतो, आणि ते पुन्हा पुन्हा काढावं लागतं.

त्याच पाण्याचा थेंब काळ्या शाईत मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली धरलाय. गोल पेशी, प्रत्येकीभोवती पांढरं वलय. ही क्रिप्टोकॉकस बुरशी. कबुतरांच्या विष्ठेत असते, म्हणून दाणे टाकणाऱ्यांवर सगळा राग निघतो. पण ती मातीत आणि झाडांच्या ढोलीतही असते. श्वासातून आत गेली तरी धडधाकट शरीर तिला सहसा दाबून ठेवतं. एचआयव्हीमुळे सीडी फोर, म्हणजे रक्तातल्या संरक्षक पेशी, 100च्या खाली घसरल्या, की ती मेंदू गाठते.

एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या गोळ्या, सरकारी केंद्रांत 2004पासून मोफत आहेत. एड्सवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था तर इथेच, भोसरीत. तरी लोकांच्या धाकाने उशिरा येणारे आहेतच.

मग नातेवाईक विचारतात, आणि रास्तच विचारतात: एचआयव्हीच्या गोळ्या आजच का चालू करत नाही?

कारण प्रतिकारशक्ती परतते ती चवताळून. मेंदूत बुरशी, तिचे मेलेले अवशेष अजून पडलेले असतात. त्यांच्यावर पेशी तुटून पडतात आणि सूज येते, तीही कवटीच्या आत. युगांडा आणि दक्षिण आफ्रिकेतल्या अभ्यासाचे निष्कर्ष 2014मध्ये आले: एक-दोन आठवड्यांत एआरटी घेतलेल्यांपैकी 45 टक्के सहा महिन्यांत दगावले, पाच आठवडे थांबलेल्यांपैकी 30 टक्के. म्हणून आधी बुरशी मारणारी औषधं: अ‍ॅम्फोटेरिसिन, फ्लुसायटोसिन, फ्लुकोनाझोल. चार ते सहा आठवड्यांनी एआरटी.

त्यानंतरही डोकं पुन्हा दुखू शकतं. गोळ्या बाधल्या समजून काही जण त्या परस्पर सोडतात. तसं करू नका, थेट एआरटी केंद्रावर या. बुरशी उलटली की नुसती सूज आहे, हे पुन्हा पाणी तपासूनच कळतं.